इटलीच्या होकाराची वाट

मधुकर,

तुझ्या शोकसभेत मी बोललो नाही. सहकारी जिनिंगच्या पटांगणात सतरंज्या अंथरल्या होत्या, तुझा फोटो खुर्चीवर ठेवला होता, आणि एकेक वक्ता उठून बोलून खाली बसत होता. माझे नाव पुकारले गेले तेव्हा मी बसल्या जागेवरून हात हलवून नकार दिला. लोकांना वाटले, म्हातारा गहिवरला. तसे काही नव्हते. माझ्या आधीचे सगळे तुझ्या संयमाची स्तुती करून गेले होते, आणि तुझ्या संयमाविषयी माझे मत काय आहे ते तुला ठाऊक आहे. हार घातलेल्या फोटोसमोर ते मांडणे सभ्यपणाचे झाले नसते. म्हणून आता लिहून मांडतो. तू उत्तर देणार नाहीस, ही यातली खरी अडचण आहे. तुझ्याशी एकतर्फी बोलण्याची मला सवय नाही.

एक वक्ता म्हणाला, मधुकररावांनी दारव्ह्याला स्कूटरचा कारखाना काढण्याचे स्वप्न पाहिले होते. हे चूक आहे. तू कारखाना काढणार नव्हतास. तू स्कूटरचा एक सुटा भाग बनवणार होतास, तळहातावर मावेल एवढा. तो बनवताही येत होता, बनवलाही होता, आणि तरीही तो तू बाजारात येऊ दिला नाहीस. हे त्या वक्त्याला माहीत नव्हते. माहीत असते तर त्याने संयम हा शब्द वापरला नसता.

तू गावी परतलास तेव्हा लोक तुला 'पुणेवाले' म्हणत. उमेदीची सगळी वर्षे तू तिकडच्या स्कूटर कारखान्यात, आरेखन विभागात काढली होतीस. स्कूटर मूळची इटलीची. आपल्याकडे ती परवान्यावर बनत असे. आधी सगळे भाग पेट्यांतून येत आणि इथे नुसते जोडले जात. मग एकेक भाग इथेच बनू लागला, आणि त्याची आरेखने इटालियनमधून इंग्रजीत उतरवण्याचे काम तुझ्या टेबलावर आले. तिथली शिस्त तू मला इतक्या वेळा सांगितलीस की मी ती त्या कारखान्यात न जाता शिकलो. इथे घडवलेल्या प्रत्येक भागाचा पहिला नमुना इटलीला जायचा. तिथे तो मोजला जायचा. तिथून होकार येईपर्यंत इथल्या नगाला लाल पट्टी बांधून कपाटात ठेवायचे. लाल पट्टीचा नग गाडीला लावायचा नाही, मग तो कितीही अचूक असो. हे सांगताना तुझी भाषा पुण्याची होत असे आणि मान ताठ. एरवी तू आमच्यासारखाच बोलायचास.

"नटाले इटलीत दादो म्हन्तेत," तू एकदा चहाच्या टपरीवर सांगत होतास.

"मंग तुमी तिथं कोन होते जी?" टपरीवाल्याने विचारले. "दादो का दादा?"

"मी वॉशर होतो," तू म्हणालास. "दोघाईच्या मधात."

तुझी माझी ओळख कशी वाढली हे लोकांना कोडे होते. तू बोलका, मी नाही. पण आपले काम एकच होते. मी सरकारी खरेदी केंद्रावर कापसाचा प्रतवारीकार होतो. गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका ओढायचा, अंगठ्यांत धरून धागा ताणून पाहायचा, ओल पाहायची, पाचोळा पाहायचा, आणि कवडी, म्हणजे किडक्या बोंडाचा पिवळट कापूस, निघाली तर तसे तोंडावर सांगायचे. दोघांनीही आयुष्यभर 'नाही' म्हणण्याचा पगार घेतला. त्यातून जी माणसे तयार होतात त्यांना मित्र कमी असतात.

तू सुट्टीवर आला होतास तेव्हाची गोष्ट. मी एक गाडी परत लावली होती आणि माझ्या टेबलाभोवती गर्दी जमली होती. गर्दीत शिव्या होत्या, पुढे हातही आले असते. तू केंद्राबाहेरून चालला होतास. तुझे काही काम नव्हते. तू आत आलास, माझ्या बाजूची खुर्ची ओढलीस, ढिगातून एक पुंजका उचललास आणि तो नाकाला लावून गंभीर चेहऱ्याने म्हणालास, "साहेब, हा तं ओला हाये. माह्या नाकात पानी गेलं." गाडीवाला हसला. मग बाकीचे हसले. त्याने कापूस पटांगणात वाळत घातला आणि दुसऱ्या दिवशी मी तो घेतला. तुला कापसातले काही कळत नव्हते. मी तेव्हा आभार मानले नाहीत. माझ्या स्वभावात ते नव्हते आणि तुला त्याची अपेक्षाही नव्हती. आज त्याची नोंद करून ठेवतो, एवढेच.

मग ती वर्षे आली. त्यांच्याविषयी बाहेरच्यांनी पुष्कळ लिहिले. आपण त्यात राहत होतो. भाव पडला, बोंडे किडली, खरेदी केंद्रावरची रांग लहान होत गेली आणि सहकारी जिनिंगचे रेचे, कापसातून सरकी काढणारी यंत्रे, एका हंगामात थांबले ते पुन्हा सुरू झाले नाहीत. मी निवृत्त होऊन जिनिंगच्या संचालक मंडळावर आलो होतो, म्हणजे कुलूप लावणाऱ्यांत माझाही हात होता. तू नोकरी सोडून कायमचा घरी आला होतास. आणि रहीम मिस्त्री रिकामा होता. जिनिंगच्या वर्कशॉपमध्ये लेथ त्याचा, भट्टी त्याची. रेच्यांचे रूळ त्याने इतकी वर्षे खाचले की यंत्राचा आवाज ऐकून तो कुठला दात झिजला ते सांगत असे. रेचे थांबल्यावर तो रोज येऊन शेडच्या पायरीवर बसू लागला. त्याला कोणी बोलावले नव्हते.

कल्पना तुझीच होती, हे मी मान्य करतो. तालुक्यात त्या जुन्या मॉडेलच्या स्कूटर पुष्कळ होत्या. मास्तरांच्या, ग्रामसेवकांच्या, त्यांच्याकडून पुतण्या-भाच्यांकडे गेलेल्या. पुढे औषधाचा पंप, मागे चाऱ्याचा भारा, मध्ये दोन माणसे. या सगळ्या एकाच ठिकाणी मरत होत्या. गिअर बदलणारा चार टोकांचा एक छोटा पोलादी क्रॉस असतो. त्याची टोके झिजली की दुसरा गिअर टिकत नाही, चढावर गाडी हिसका देऊन सुटते. कंपनीने तो भाग बनवणे बंद केले होते आणि बाजारात मिळणारा एका हंगामात झिजत होता. तू तो आठवणीने आणि मोजमापाने पुन्हा आरेखित केलास. रहीम घडवणार, तू तपासणार, आणि जिनिंगची रिकामी शेड मी मिळवून देणार असे ठरले. मी संचालक मंडळात भांडलो. मी फार क्वचित भांडतो. शेड मिळाली.

किल्ली घेऊन मी आलो तेव्हा तुम्ही दोघे दारातच होतात.

"मंग कधी लावू जी मशीन?" रहीमने विचारले.

"आधी परवानगी येऊ दे," तू म्हणालास.

"कोनाची? नगरपालिकेची?"

"इटलीची."

रहीम हसला. त्याला वाटले तू थट्टा करतो आहेस. मग त्याने माझ्याकडे पाहिले. मी हसत नव्हतो, कारण मी तुला ओळखत होतो.

"सायेब, इटलीवाल्याईले मालूम तरी हाये का, दारव्हा कुठी हाये म्हून?"

"मी नकाशा जोडतो," तू म्हणालास.

आणि तू खरोखरच जोडलास. त्या दिवशी मी तुला शेडच्या पायरीवर बसवून समजावले. कंपनीचा इटलीशी करार संपून जमाना झाला. तुझ्या कंपनीने स्वतःच इटलीचे नाव काढून आपले नाव लावले आणि तीच गाडी पुढे कित्येक वर्षे विकली. देशभर लोक तिचे भाग बनवत आहेत, कोणी कोणाला विचारत नाही.

"करार कंपनीचा होता," तू म्हणालास. "तो संपला. माहा तं झालाच नाई. मले नवा पाहिजे."

"तुले कोन देते?"

"मागतल्याबिगर कसं समजन?"

शांतावहिनी घरून चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "याईचं असंच हाये, भाऊजी. लग्नाच्या वक्ती याईनं माह्या बापाले विचारलं, मंग काकाले विचारलं, मंग आज्याले विचारलं. मलेच तेवढं विचारलं नाई."

तू चहा प्यायलास.

पत्र गेले. उत्तर आले नाही. दुसरे गेले, मग तुझ्या जुन्या कंपनीच्या मार्फत तिसरे. दरम्यान रहीमने वाट पाहण्याचा कंटाळा येऊन एक क्रॉस घडवला. लेथवर उतरवला, टोके कानशीने साधली, भट्टीत लाल करून तेलात बुडवला, आणि जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळून तुझ्यासमोर ठेवला. तू भिंग काढलेस, मापके काढलीस. रहीम उभा होता, मीही उभा होतो. तू सगळ्या बाजूंनी मोजलास आणि म्हणालास, "बरोबर आहे. टोकांच्या कडा जरा मोडून घे, धार राहिली तर गिअरला लागेल." रहीमने तेथेच कडा मोडल्या. तू पुन्हा मोजलास. मग टेबलाच्या खणातून लाल फीत काढलीस, त्या क्रॉसला बांधलीस आणि कपाटात ठेवून दिलास.

मधुकर, त्या क्षणी मला जो संताप आला तो अजून गेलेला नाही. मी ओला कापूस नापास करत असे, पाचोळ्याचा करत असे, कवडीचा करत असे. तू पास झालेला माल अडवलास. हा फरक मी तुला तेव्हाही सांगितला. तू म्हणालास, "तू खरेदी केंद्राचा शिक्का नसताना कापूस घेतला असता का?" मी म्हणालो, शिक्का माझ्या हातात होता. तू म्हणालास, "माह्या हातात नाई."

माझ्या स्वतःच्या स्कूटरचा दुसरा गिअर तेव्हा गेलेला होता. मी तो क्रॉस मागितला. दिला नाहीस. "नमुना आहे," म्हणालास. त्यानंतर मी ती गाडी डाव्या हाताची मूठ आवळून चालवत असे, गिअर सुटू नये म्हणून. मनगट सुजत असे. आणि तू तिच्यावर मागे बसून सगळीकडे येत असायचास. अवघड वाटून घेत नव्हतास. चढ आला की मागून सांगायचास, "आता सुटन, धर."

बाभुळगावकडे तुझ्या साडूच्या शेतावर आपण असेच गेलो होतो. त्या दिवशीचा वाद अर्धवट राहिला आहे. त्या वर्षांत परदेशी कंपनीच्या परवान्याचे नवे कापूस बियाणे आले होते, आणि त्याच्या पाठोपाठ परवाना नसलेले, साध्या पुड्यांत बांधलेले, तसेच म्हणून विकले जाणारे. तुझ्या साडूने पुडीतले लावले होते. झाडे माणसाच्या छातीला लागत होती आणि बोंडे नव्हती. जी होती ती आतून पोखरलेली. साडूने एक बोंड फोडून तुझ्या हातावर ठेवले आणि पाणी आणायला गेला.

"हे पाह्य," तू मला म्हणालास. "विचारल्याबिगर केलेली वस्तू. तू मले म्हन्तो, करून टाक, कोन पाह्यते. हे याईनं करून टाकलं."

"ते खोटं होतं," मी म्हणालो. "तुहा क्रॉस खोटा नाई. तू मोजला."

"पुडीवाल्यानंबी असंच म्हन्लं असन. माह्यं बरोबर हाये म्हून."

"अन् परवान्याच्या बियान्याचं काय? स्कूटरवाल्याईनं तुमाले परवाना देला तं गाडी खोलून दाखवली. शिकवलं. आज तू एकटा बसून तिचा भाग काढू शकतो. या बियान्याच्या परवान्यानं कोनाले काय शिकवलं? दरसाल जा अन् इकत घ्या. आपल्या सरकीतून आपलं बी धरनं मोडलं. सगळे परवाने सारखे नसतेत, मधुकर."

तू बोंडातली अळी काडीने बाहेर काढून पाहत होतास. "म्हून तं," तू म्हणालास. "ज्याईनं शिकवलं त्याईलेच विचारून राह्यलो."

माझ्याकडे उत्तर होते, पण साडू पाणी घेऊन आला आणि त्याच्यासमोर आपण बियाण्यावर बोललो नाही. ते उत्तर असे होते: शिकवणाऱ्याने शिकवले ते शिकणाऱ्याने वापरावे म्हणून. पुन्हा पुन्हा विचारत राहणे म्हणजे आपण शिकलोच नाही असे त्याला सांगणे. हे मी परतताना बोलणार होतो. पण परतताना गाडी बंद पडली. तू उतरून ती नेहमीप्रमाणे एका अंगावर झुकवलीस, पेट्रोल उतरावे म्हणून, आणि झुकवून धरलेल्या अवस्थेत, माझ्याकडे न पाहता, एक गोष्ट सांगितलीस जी तू त्याआधी कधी सांगितली नव्हती.

कारखान्यात तुला शिकवायला एक इटालियन इंजिनिअर होता. वयस्क, तापट. तुझे पहिले स्वतंत्र आरेखन त्याने तीनदा फाडले आणि चौथ्यांदा त्यावर सही केली, आणि सहीखाली तुझेही नाव लिहायला लावले. करार वाढवायचा नाही असे ठरले तेव्हा तो आपले सामान बांधत होता. त्याच आठवड्यात साहेबांनी तुला काम दिले: गाडीच्या पुढच्या पत्र्यावर इटलीच्या नावाऐवजी जे नवे नाव लागणार होते, त्याची अक्षरे आखायची. तू आखलीस. कारखान्यात पेढे वाटले. तो निरोप घ्यायला तुझ्या टेबलाशी आला, तेव्हा ती अक्षरे टेबलावर पसरलेली होती. त्याने ती वाचली. मग खिशातून पेन्सिल काढली, एका अक्षराचे वळण दुरुस्त केले, तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला.

"मी त्याले काई बोललो नाई," तू म्हणालास. "थँक्यूबी नाई. सॉरीबी नाई. त्याले काय वाटलं असन?"

मी म्हणालो, "त्यात तुहा काय दोष," आणि किक मारली. गाडी सुरू झाली.

माझे ते वाक्य अपुरे होते, हे मला तेव्हाच कळले. पण गाडी सुरू झाली होती आणि तिला बंद पडू देणे परवडणारे नव्हते. मी तुला सांगायला हवे होते की ज्याने अक्षर दुरुस्त केले त्याने होकार दिला होता. त्याहून स्पष्ट होकार इटलीत मिळत नसेल. तू त्यानंतर ज्याची वाट पाहत राहिलास ते तुला त्याच टेबलावर मिळाले होते. हे वाक्य मला सुचले ते तुझी तिरडी उचलताना. अशा वेळी सुचलेल्या वाक्याचा काही उपयोग नसतो.

रहीम पहिल्या वर्षी थांबला, दुसऱ्या वर्षी थांबला. मग नागपूरला गेला. जाताना तो तुझ्याकडे आला नाही, माझ्याकडे आला. जीप बाहेर भरत होती. तो उभ्यानेच बोलला.

"सायबाईले सांगजा," तो म्हणाला. "मी भेटलो तं ते थांब म्हन्तीन. अन् थे म्हन्ले तं मी थांबीन. म्हून नाई भेटलो."

मी तुला तसेच सांगितले. तू चष्मा पुसलास आणि म्हणालास, "लेथले तेल लावून गेला का?" लावून गेला होता.

आणि त्यानंतर, जेव्हा त्याचा कोणालाच उपयोग उरला नव्हता तेव्हा, इटलीहून उत्तर आले. तू ते ओसरीवर वहिनींना आणि मला मोठ्याने वाचून दाखवलेस. सभ्य पत्र होते. ते मॉडेल आम्ही केव्हाच बंद केले. त्या काळातले कागद सगळे जपलेले नाहीत. आपल्यासारख्या जुन्या सहकाऱ्याचे पत्र आले याचा आनंद वाटला. आपल्याकडे त्या भागाची आरेखने असतील तर आमच्या संग्रहालयासाठी प्रती मिळू शकतील का. परवानगीबद्दल एक शब्द नव्हता. होकार नव्हता, नकारही नव्हता. कदाचित ज्याने पत्र लिहिले त्याला, परवानगी मागितली आहे हेच समजले नसेल. कोणी मागत नसते, मधुकर. त्यांना ते पत्र काय आहे हे कसे समजावे?

तू आठवडाभर बसून प्रती काढल्यास. शाईने, कोपऱ्यात दारव्हा असे लिहून. पाठवून दिल्यास.

"आता तरी," मी म्हणालो. "त्याईच्याजवळ कागद नाई. कागद तुह्या जवळ हायेत. मालक कोन झाला?"

"त्याईनं मागतलं ते मी देलं," तू म्हणालास. "मी मागतलं ते त्याईनं नाई देलं."

"मंग?"

"मंग काय. पाहू."

वहिनी उठून आत गेल्या. भांड्यांचा आवाज जरा मोठा आला.

शेवटच्या उन्हाळ्यात बाजारपेठेतल्या दुकानात तुला एक प्लास्टिकचे पाकीट दिसले. आत क्रॉस होता. पाकिटावर इटलीच्या झेंड्याचे रंग छापलेले आणि एक नाव, जे इटालियन वाटावे म्हणून कोणीतरी जुळवलेले. तू ते फोडलेस, भिंग न लावता नुसता अंगठा टोकावरून फिरवलास. कडा मोडलेल्या होत्या.

"रहीमचा हाये," तू म्हणालास. मग थोड्या वेळाने, "चांगला केला." आणि दुकानातून बाहेर पडताना, "पाकिटावर इटलीचं नाव टाकलं. त्याचं नाई टाकलं." तुला राग आला होता. तुला राग आलेला मी त्या एकाच वेळी पाहिला, आणि तो विनापरवाना मालाचा नव्हता, हे माझ्या लक्षात आले. मी त्या दिवशी तुला काही विचारले नाही. विचारले असते तर कदाचित तुझे मत बदलत होते असे कळले असते. कदाचित नसतेही. तू आजारी पडलास आणि तो विषय तिथेच राहिला. रुग्णालयात आपण क्रिकेटवर बोललो. दोघांनाही त्यात रस नव्हता.

शोकसभा संपली, सतरंज्या गुंडाळल्या गेल्या, तेव्हा रहीम शेडच्या पायरीवर बसलेला दिसला. नागपूरहून आला होता. दाढी पांढरी झाली आहे. तो सभेत आला नव्हता, बाहेरच थांबला होता. वहिनी आणि मी त्याच्याजवळ गेलो.

त्याला परत यायचे आहे. लेथ त्याने स्वतःचा घेतला आहे, पोरगा हाताखाली तयार झाला आहे. खेड्यापाड्यांत त्या गाड्या अजून चालतात, म्हणाला, आणि त्या पाकिटातला माल तो ज्या पोलादाचा बनवतो त्याची त्याला लाज वाटते. त्याला शेड हवी आहे आणि तुझी आरेखने हवी आहेत. आणखी काही होते.

"पाकिटावर सायबाईचं नाव टाकीन म्हन्तो," तो म्हणाला. "पन विचारल्याबिगर कसं टाकू जी? ते अस्ते तं विचारलं अस्तं. आता कोनाले विचारू, थेच समजून नाई राह्यलं. म्हून चार दिवस झाले गावात येऊन, पन घरी आलो नाई."

मी त्याच्यावर ओरडलो. पटांगणातले लोक वळून पाहू लागले. इतक्या वर्षांनी, नागपूरला जाऊन, लेथ विकत घेऊन, हा माणूस पुन्हा त्याच पायरीवर येऊन परवानगीची वाट पाहत बसला होता, आणि हे त्याला तू शिकवले होतेस. संयम म्हणे.

वहिनींनी मला हाताने थांबवले. "टाक नाव," त्या रहीमला म्हणाल्या. "अन् त्याच्या खाली तुह्यं टाक. ते अस्ते तं त्याईनं हेच सांगतलं अस्तं. कोनी विचारलं तं म्हन, बाईनं सांगतलं."

"इटलीवाल्याईनं विचारलं तं?"

"त्याईले माह्याकडे पाठव," वहिनी म्हणाल्या. "मी चहा करतो."

तुझी आरेखने काल वहिनींनी नळीत घालून रहीमच्या स्वाधीन केली. शेडची किल्ली मी दिली. संचालक मंडळाला नंतर सांगेन. तुला विचारले नाही. तू परतल्यापासून मी कुठलेही काम तुला विचारल्याशिवाय केले नव्हते, हे मला किल्ली दिल्यावर लक्षात आले. हे पहिलेच. ते बरोबर झाले की नाही, हे मला सांगू शकेल असा माणूस आता दारव्ह्यात उरलेला नाही.